लॅटिन क्रियापदांची चार मूलरूपे : एका पाठांतराचा इतिहास

लॅटिन भाषेच्या अभ्यासास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या काही आठवड्यांतच एका विलक्षण पाठांतराला सामोरे जावे लागते. प्रत्येक क्रियापद त्याला एका रूपात न मिळता चार रूपांत मिळते. 'प्रेम करणे' या अर्थाचे क्रियापद अमो, अमारे, अमावी, अमातुम् असे म्हणावयाचे. 'वाहून नेणे' या अर्थाचे वेहो, वेहेरे, वेक्सी, वेक्तुम् असे. आणि 'धारण करणे' या अर्थाचे तर फेरो, फेर्रे, तुली, लातुम् असे, म्हणजे ज्यात पहिल्या रूपाचा तिसऱ्याशी काही संबंध असावा अशी शंकाही येऊ नये. या चार रूपांना मूलरूपे म्हणण्याचा प्रघात आहे. ती मुखोद्गत असल्याखेरीज लॅटिन वाक्य लावता येत नाही, हे प्रत्येक शिक्षक सांगतो. ती चारच का व हीच का, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

या पाठांतराविषयी दोन समजुती सर्वत्र आढळतात. ही पद्धती रोमन लोकांपासून जशीच्या तशी चालत आली आहे, ही पहिली. आणि हे पाठांतर सर्वथा यांत्रिक असून त्यात विचारास वाव नाही, ही दुसरी. पहिली समजूत ऐतिहासिकदृष्ट्या चुकीची व दुसरी अर्धसत्य आहे, असे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे. ज्याला संस्कृत धातुपाठाचा थोडाबहुत परिचय आहे अशा वाचकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. किंबहुना या इतिहासाचा निर्णायक टप्पा संस्कृतच्या परिचयामुळेच घडून आला.

प्रथम या चार रूपांचे प्रयोजन पाहू. पहिले रूप वर्तमानकाळाच्या प्रथमपुरुषी एकवचनाचे, दुसरे हेत्वर्थाचे, तिसरे पूर्णभूतकाळाच्या प्रथमपुरुषी एकवचनाचे आणि चौथे सुपाईन नावाच्या कृदन्ताचे. लॅटिन क्रियापदाची बहुतेक सर्व रूपे तीन अंगांपासून सिद्ध होतात. वर्तमान अंगापासून अपूर्ण अर्थाचे काळ, पूर्ण अंगापासून पूर्ण अर्थाचे काळ, आणि सुपाईनच्या अंगापासून कर्मणि कृदन्त व भविष्यकालीन कृदन्त. अंगे तीन असता रूपे चार, याचे कारण असे की पहिल्या रूपावरून क्रियापद कोणत्या गणातील आहे हे नेहमी निश्चित होत नाही. अमो आणि रेगो यांचा शेवट सारखाच. परंतु एकाचे हेत्वर्थ रूप अमारे तर दुसऱ्याचे रेगेरे. म्हणून दुसरे रूप गणनिश्चयासाठी जोडावे लागते. चार शब्द ध्यानात ठेवले की शंभराहून अधिक रूपे हाती येतात, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब रोमन लोकांनी मांडला होता काय? त्यांच्यापैकी एकजण त्याच्या अगदी जवळ आला होता, असे म्हणावयास हरकत नाही. तो म्हणजे मार्कुस तेरेन्तिउस वारो (इ. स. पू. ११६ ते २७). त्याच्या लॅटिन भाषेवरील २५ खंडांच्या ग्रंथापैकी ५ ते १० एवढेच खंड आज बहुतांशी उपलब्ध आहेत. भाषेत नियमबद्धता आहे की केवळ रूढी, हा त्या काळचा मोठा वाद होता. रूढिवादी पक्ष असा आक्षेप घेई की, 'टोचतो' व 'टोचीन' या अर्थांची पुंगो व पुंगाम् ही रूपे एकसारखी असता 'टोचले' या अर्थाचे पुपुगी असे रूप व्हावे, तसेच तुन्दो व तुन्दाम् यांच्या पंक्तीस तुतुदी बसावे, हे अनियमिततेचेच लक्षण होय. यावर वारोचे उत्तर मार्मिक आहे. हे लोक विजातीय वस्तूंची तुलना करतात, असे तो म्हणतो. कारण पहिली दोन रूपे अपूर्ण क्रियेची आहेत व तिसरे पूर्ण क्रियेचे. अपूर्णाची तुलना अपूर्णाशी व पूर्णाची पूर्णाशी केली तर नियम स्वच्छ दिसतो. क्रियापदाचे रूपसमूह दोन स्वतंत्र अंगांवर उभे आहेत हे तत्त्व येथे प्रथम स्पष्टपणे मांडले गेले. तथापि त्यानंतरच्या व्याकरणकारांनी ते पुढे नेले नाही.

रोमन लोकांना स्वतःच्या भाषेची ही रूपे पाठ करण्याचे कारण नव्हते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. मराठी मूल करणेचे केले, जाणेचे गेला, येणेचे आला, म्हणणेचे म्हटले ही रूपे कोणत्याही व्याकरणावाचून बोलते. ती यादीने पाठ करावी लागतात परकीयाला. रोमन शाळांतील वाद असे तो 'योग्य रूप कोणते' एवढ्यापुरता. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियसने आपल्या संकीर्ण ग्रंथात एक प्रकरण याच विषयाला दिले आहे. द्विरुक्त भूतकाळाच्या पहिल्या अक्षरात कोणता स्वर असावा याविषयी जुन्या लेखकांचा प्रयोग वेगळा होता, हे त्याने उदाहरणे वेचून दाखविले आहे. म्हणजे आज विद्यार्थी ज्या तिसऱ्या रूपाला अचल मानून पाठ करतो, ते खुद्द रोममध्येही काही काळ चंचल होते.

चौथ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये शिकविणाऱ्या डोनेटसचे प्रश्नोत्तररूप लघुव्याकरण पुढे हजार वर्षे युरोपचे पहिले पाठ्यपुस्तक ठरले. संत जेरोम हा त्याचा शिष्य. परंतु त्यात क्रियापदांचे गण तीनच सांगितले असून आजचा चौथा गण तिसऱ्याचाच एक पोटभेद मानला आहे. चार गणांची व्यवस्था रूढ झाली ती मुख्यतः प्रिशियनच्या बृहद्-व्याकरणामुळे. प्रिशियन इ. स. ५०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे, म्हणजे मातृभाषा ग्रीक असलेल्या विद्यार्थ्यांना, लॅटिन शिकवीत होता. आणि भूतकाळाची रूपे कशी साधतात याचे सविस्तर विवेचन त्याच्याच १८ खंडांच्या ग्रंथात मिळावे, हा केवळ योगायोग नव्हे. नववा व दहावा हे दोन खंड बव्हंशी याच कामी खर्ची पडले आहेत. जेथे शिकणारा परकीय, तेथे मूलरूपांचा प्रश्न उभा राहतो, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

मात्र प्रिशियनच्या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती. त्याच्यापाशी धातू ही संकल्पना नव्हती. वर्तमानकाळाचे पूर्ण, प्रत्ययान्त रूप हेच त्याच्या लेखी मूळ. त्याचा शेवटचा वर्ण वा अक्षर बदलून दुसरे रूप कसे मिळते, एवढेच तो सांगू शके. पाणिनीय परंपरेत प्रयोगात कधीही स्वतंत्रपणे न येणारा धातू प्रथम कल्पिला जातो व त्यापासून आगम, आदेश, विकरण व प्रत्यय यांच्या योगाने रूप सिद्ध होते. प्रिशियनला शब्दापासून शब्दच साधावा लागे. त्यामुळे जेथे वर्णबदलाचा नियम लागू पडेना, तेथे यादी देण्यावाचून गत्यंतर नव्हते. मूलरूपांच्या याद्यांचा उगम या उणिवेत आहे.

मध्ययुगात लॅटिन ही कोणाचीच मातृभाषा उरली नाही. ज्ञानाची व धर्माची भाषा मात्र तीच राहिली. साहजिकच याद्यांचे महत्त्व वाढले. इ. स. १००० च्या थोडे आधी इंग्लंडमधील एल्फ्रिक या मठवासीयाने लॅटिनचे व्याकरण आपल्या देशभाषेतून लिहिले. आपल्याला ज्ञात असलेले अशा प्रकारचे हे पहिलेच व्याकरण. इ. स. ११९९ च्या सुमारास अलेक्झांडर द व्हिलादेई या फ्रेंच शिक्षकाने याहून निराळा मार्ग पत्करला. त्याने सबंध व्याकरण षट्पदी छंदातील सुमारे २६०० ओळींत बांधले व त्यात भूतकाळ आणि सुपाईन यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण ठेवले. ग्रंथ दुर्मिळ व महाग असलेल्या काळात पद्य हेच स्मृतीचे साधन होते. अमरकोश कंठस्थ करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यास यात नवल वाटावयाचे कारण नाही. वर्तमान, भूत व सुपाईन ही त्रयी शाळेच्या व्यवहारात एकत्र बांधली गेली ती या पद्यांमुळे.

पुढे मानवतावादी पंडितांनी मध्ययुगीन व्याकरणाची यथेच्छ निंदा केली. पण पद्यबद्ध यादी त्यांनाही सोडवली नाही. लंडनमधील सेंट पॉल शाळेचा पहिला मुख्याध्यापक विल्यम लिली (मृत्यू १५२२) याच्या नावाने प्रसिद्ध असलेले व्याकरण १५४० नंतरच्या दशकात राजाज्ञेने इंग्लंडभर अधिकृत ठरले. त्यातही भूतकाळ व सुपाईन यांचे नियम लॅटिन पद्यातच होते. म्हणजे लॅटिन न येणाऱ्या मुलाने लॅटिन शिकण्यासाठी लॅटिन पद्ये पाठ करावयाची, असा प्रकार. या व्याकरणात क्रियापदाची ओळख करून देण्याचे सूत्रही आजच्यापेक्षा लांबलचक होते. वर्तमानकाळाचे प्रथमपुरुषी व द्वितीयपुरुषी रूप, भूतकाळ, हेत्वर्थ, त्यानंतर जेरंडची तीन रूपे, सुपाईनची दोन आणि शेवटी कृदन्ते, अशी ती माळ होती. आजची चार रूपे ही या माळेची कालांतराने झालेली काटछाट होय. चार हा आकडा भाषेने दिलेला नसून शिक्षकांनी निवडलेला आहे.

याच सुमारास पोर्तुगालमध्ये मानुएल आल्वारिश (१५२६ ते १५८३) या जेझुइट शिक्षकाचे तीन खंडांचे व्याकरण १५७२ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. जेझुइट संघाच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेने त्याचा पुरस्कार केल्यामुळे ते संघाच्या शाळांतून जगभर पसरले व त्याच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या. याच्याही पहिल्या खंडात भूतकाळ व सुपाईन यांचे पद्यबद्ध नियम आहेत. १५९४ मध्ये जपानमधील आमाकुसा येथे त्याची एक आवृत्ती छापली गेली, आणि तीत लॅटिन क्रियारूपांच्या जोडीला पोर्तुगीज व जपानी रूपे देण्यात आली. ज्या मुद्रणसाहित्यामुळे हे शक्य झाले, ते युरोपातून जपानकडे जाताना वाटेत गोव्यात थांबले होते व १५८८ मध्ये तेथे त्यावर एक लॅटिन भाषणही छापले गेले होते.

येथे या इतिहासाचा आपल्या भूमीशी साक्षात् संबंध येतो. गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लॅटिनचे अध्यापन चालू होते. इंग्लंडात जन्मलेला थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे बालपण लिलीचे व्याकरण अधिकृत असलेल्या देशात व पुढील आयुष्य आल्वारिशचे व्याकरण मानणाऱ्या संघात गेले. क्रिस्तपुराणाचा कर्ता म्हणून मराठी वाचक त्याला ओळखतोच. त्याने रचलेले कोंकणी भाषेचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, दिओगु रिबैरु याने भर घालून, १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याची चौकट लॅटिन व्याकरणाची आहे. नामांच्या विभक्ती, क्रियापदांचे गण, काळ व अर्थ ही सर्व मांडणी लॅटिन शाळेतून आलेली. आपल्या देशभाषांच्या मुद्रित व्याकरणाचा एक प्रारंभ अशा रीतीने लॅटिन पाठांतराच्या साच्यात झाला. तो साचा कोठे उपकारक ठरला व कोठे भाषेच्या प्रकृतीस अडसर झाला, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. परंतु साचा ओळखल्याखेरीज ते संशोधन व्हावयाचे नाही.

पाठांतराविरुद्ध प्रतिक्रिया उमटणे अपरिहार्य होते. फ्रान्समधील पोर-रोयाल संप्रदायाच्या क्लोद लान्सलो याने १६४४ मध्ये लॅटिन शिकविण्याची नवी पद्धती प्रसिद्ध केली व नियम लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये दिले; पण तेही पद्यातच. जॉन लॉकने १६९३ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुलांवर व्याकरणाचे ओझे लादण्यास विरोध करून भाषा व्यवहाराने शिकवावी असे प्रतिपादन केले. पोर्तुगालमध्ये लुईश व्हेर्नेने १७४६ मध्ये आल्वारिशच्या पद्धतीवर कठोर टीका केली, आणि तेथे या वादाने राजकीय वळण घेतले. २८ जून १७५९ च्या राजाज्ञेने जेझुइटांच्या शाळा बंद करून आल्वारिशच्या व्याकरणाच्या वापरास राज्यात व वसाहतींत बंदी घातली. त्याच वर्षी गोव्यातील जेझुइटांनाही अटक झाली. भूतकाळाच्या याद्या असलेले एखादे शालेय पुस्तक राज्यसत्तेच्या कोपास पात्र व्हावे, ही घटना शिक्षणाच्या इतिहासात चिंतनीय आहे. बंदी पुस्तकावर आली; याद्या मात्र बंद झाल्या नाहीत. राजमान्य झालेल्या नव्या व्याकरणांनाही भूतकाळ व सुपाईन शिकवावेच लागले, कारण अडचण आल्वारिशच्या पद्यांत नसून भाषेतच होती.

ती अडचण भाषेत का आहे, हे मात्र १८१६ पर्यंत कोणास सांगता आले नाही. त्या वर्षी फ्रान्झ बॉपने संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांच्या क्रियारूपांची तुलना करणारा ग्रंथ फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध केला. त्याने व त्याच्या मागून आलेल्या अभ्यासकांनी जे सिद्ध केले, त्याचा आपल्या विषयापुरता निष्कर्ष असा की, लॅटिनचा पूर्णभूतकाळ हा एकजिनसी नाही. मूळ भाषेतील दोन भिन्न रूपसमूह त्यात एकत्र आले आहेत. वारोने ज्याचा कैवार घेतला ते तुतुदी हे रूप संस्कृतातील तुद् धातूच्या लिट्-रूपाशी, तुतुदे याच्याशी, उघडच जुळते. द्विरुक्ती दोहोंत समान. वेक्सी याचे नाते मात्र लिट्-शी नसून वह् धातूच्या लुङ्-शी, अवाक्षीत् या रूपाशी आहे; दोहोंत सकार आहे. अमावी यातील वकार ही लॅटिनची स्वतःची भर असून तिच्या उपपत्तीविषयी विद्वानांत अद्याप मतभेद आहेत. तिसरे मूलरूप पहिल्यावरून ओळखता येत नाही याचे कारण आता कळते. ते पहिल्यापासून निघालेलेच नाही. दोन्ही रूपे एकाच धातूच्या निरनिराळ्या शाखा आहेत.

हीच गोष्ट अन्य रूपांची. 'चिरणे' या अर्थाच्या स्किन्दो, स्किदी, स्किस्सुम् या रूपांत पहिल्यातच नकार का, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो. संस्कृतज्ञाला छिनत्ति, चिच्छेद, छेत्तुम् ही पंक्ती आठवली की उत्तर मिळते. नकार धातूचा नसून वर्तमानाच्या विकरणाचा आहे. सुपाईन म्हणजे आपले तुमुन्-प्रत्ययान्तच. दतुम् आणि दातुम्, स्तातुम् आणि स्थातुम् ही जोडी पुरेशी बोलकी आहे. फेरो, तुली, लातुम् यांत भृ व तुल् यांच्याशी सजातीय असे दोन निराळे धातू एका संसारात नांदत आहेत, आणि लातुम् हे तुलीच्याच घरचे, केवळ आद्य तकार लोपलेले. अस् धातूच्या जागी विशिष्ट प्रत्ययांपूर्वी भू हा आदेश पाणिनीने सांगितला आहे. लॅटिनच्या 'असणे' या क्रियापदातही वर्तमान अस्-च्या कुळातील व भूतकाळ फुई हा भू-च्या कुळातील आहे.

या प्रकाशात चौथ्या रूपाची एक गोची सांगणे अवश्य आहे. सुपाईन हे प्रत्यक्ष लॅटिन वाङ्मयात विरळ आहे. कोशांत व याद्यांत दिलेली अनेक सुपाईने कोणत्याही प्राचीन ग्रंथात आढळत नाहीत. कर्मणि कृदन्तावरून वा नियमावरून ती व्याकरणकारांनी पूर्ण केली. म्हणूनच आधुनिक काळातील काही ग्रंथ चौथे रूप म्हणून सुपाईनऐवजी कर्मणि कृदन्त देतात. विद्यार्थ्याने या भेदाने गोंधळून जाऊ नये. पण यादीतील प्रत्येक रूप सिसेरोच्या मुखातून आले आहे असेही समजू नये. यादी ही साधन आहे, पुरावा नव्हे.

संस्कृतच्या क्षेत्रातही उलट दिशेने असाच प्रवास झाला आहे. सुमारे २००० धातूंचा पाणिनीय धातुपाठ धातू व अर्थ देतो, प्रत्यक्ष रूपे देत नाही. तीं सूत्रांनी साधावयाची. १८८५ मध्ये विल्यम ड्वाइट व्हिटनीने संस्कृत धातूंची वाङ्मयात आढळणारी रूपे संकलित करून प्रसिद्ध केली, तेव्हा एका अर्थाने संस्कृतला लॅटिन पद्धतीची मूलरूपे मिळाली. रोमन परंपरेला रूपे होती, धातू नव्हता. आपल्या परंपरेला धातू होता, पण प्रयोगाची यादी नव्हती. दोहोंचा संगम एकोणिसाव्या शतकात झाला आणि त्यातून दोन्ही भाषांचे अध्ययन समृद्ध झाले.

या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व आपल्या विभागांतील संशोधकांना विशेष आहे. गोव्याच्या व पश्चिम किनाऱ्याच्या सोळाव्या-सतराव्या शतकांच्या इतिहासाची साधने पोर्तुगीजबरोबरच लॅटिनमध्येही आहेत. ती मुळातून वाचावयाची तर भाषांतरकाराच्या भरवशावर राहून चालत नाही. आणि मुळातून वाचणाऱ्याला तुली हे रूप कोशात फेरोखाली शोधावयाचे असते हे ठाऊक नसेल, तर तो पहिल्याच पानावर अडेल. तेव्हा पाठांतर टळत नाही. पण डोळसपणे केलेले पाठांतर आणि आंधळे पाठांतर यांत अंतर आहे. संस्कृत जाणणाऱ्या विद्यार्थ्याने याद्या वर्णानुक्रमाने पाठ न करता तिसऱ्या रूपाच्या घडणीप्रमाणे वर्ग पाडून, म्हणजे द्विरुक्तीचा, सकाराचा, वकाराचा व केवळ स्वरदीर्घत्वाचा असे पाडून, पाठ कराव्यात. आणि प्रत्येक ठिकाणी सजातीय संस्कृत रूप सापडते का हे पाहावे. जेथे सापडेल तेथे स्मृतीस आधार मिळेल. जेथे सापडणार नाही, तेथे निदान आपण लॅटिनच्या स्वतंत्र घडणीपाशी आलो आहो, हे कळेल.

वारोने दोन हजार वर्षांपूर्वी विजातीयांची तुलना करू नका असे बजावले होते. तुन्दो व तुतुदी यांत त्याला जी नियमबद्धता जाणवली, तिचे कारण त्याला सांगता आले नाही, कारण ते कारण त्याच्या भाषेच्या सीमेपलीकडे होते. ते आज आपल्या हाताशी आहे, आणि ज्या भाषेने ते उपलब्ध करून दिले ती आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. या अनुकूलतेचा लाभ घेऊन लॅटिनची चार रूपे शिकणारा विद्यार्थी प्रिशियनच्या शिष्यांपेक्षा अधिक सुदैवी म्हटला पाहिजे.